गळकी मायट्रल झडप : दुरुस्ती की बदल? केज तालुक्यातील एका रुग्णाचे प्रकरण

रुग्ण ७१ वर्षांचे, जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले आणि केज तालुक्यातील एका गावात चार एकर कोरडवाहू शेती सांभाळणारे. गाव त्यांना गुरुजी म्हणते, म्हणून या टिपणातही तेच संबोधन ठेवले आहे. ओळख पटेल असे इतर तपशील गाळले किंवा बदलले आहेत. अंबाजोगाईतील माझ्या दवाखान्यात ते मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आले, तेव्हा आठ महिन्यांतली ही त्यांची तिसरी भरती होती. दोन्ही पायांवर गुडघ्यापर्यंत सूज, मानेच्या शिरा फुगलेल्या, छातीच्या तळाशी दोन्ही बाजूंना पाणी साचल्याचे आवाज, नाडी ९६, रक्तदाब १०४/६६. "दम लई लागायलाय, डॉक्टर. आडवं झालं की घुसमटायलंय," एवढे बोलायला त्यांना दोनदा थांबावे लागले. बाकीचे त्यांच्या पत्नीने सांगितले : "रातभर भिंतीला टेकून बसून राहतेत. उशा तीन लावल्या तरी भागंना."

सहा वर्षांपूर्वी त्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता. त्या रात्री पित्त समजून सोडा पिऊन त्यांनी वेळ काढला आणि अँजिओप्लास्टीच्या टेबलावर पोचेपर्यंत चौदा तास उलटले. बंद पडलेली रक्तवाहिनी उघडली, स्टेंट बसला, पण तोवर डाव्या कप्प्याच्या खालच्या आणि मागच्या भिंतीचा बराच स्नायू कायमचा गेला होता. उरलेल्या स्नायूवर भार वाढत गेला, कप्पा हळूहळू रुंदावत गेला आणि चार-पाच वर्षांनी त्याचा परिणाम झडपेवर दिसू लागला. आमच्या भागात हा क्रम इतक्या वेळा पाहिला आहे की, 'अँजिओप्लास्टी झाली, आता काळजी नाही' हे वाक्य ऐकले की मी आधी झटका आणि उपचार यांच्यात किती तास गेले ते विचारतो.

इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, अहवालातील आकडे असे होते : डाव्या कप्प्याची पंपिंग क्षमता ३२ टक्के, आकुंचनाच्या शेवटी कप्प्याचा व्यास ५६ मिलिमीटर, मायट्रल झडपेची गळती तीव्र, गळतीच्या छिद्राचे परिणामकारक क्षेत्रफळ ०.३८ चौरस सेंटिमीटर. फुप्फुसाच्या धमनीतील दाब ५४. उजव्या बाजूच्या ट्रायकस्पिड झडपेची गळती मध्यम. ईसीजीत लय नियमित होती आणि क्यूआरएस (कप्पे आकुंचन पावतानाची विद्युत रेघ) अरुंद होता, त्यामुळे कप्प्याच्या दोन्ही भिंती एका तालात आणणाऱ्या विशेष पेसमेकरचा त्यांना उपयोग होण्यासारखा नव्हता. रक्तातील क्रिएटिनिन १.७, म्हणजे मूत्रपिंडांचे काम मंदावलेले.

अहवालातील 'तीव्र गळती' हे दोन शब्द वाचून घरच्यांनी झडप खराब झाली असा अर्थ लावला, तो स्वाभाविक असला तरी बरोबर नव्हता. मायट्रल झडप हृदयाची डावी कर्णिका (वरचा कप्पा) आणि खालचा डावा कप्पा यांच्यामध्ये असते. तिला दोन पाकळ्या असतात आणि त्या बारीक दोऱ्यांनी कप्प्याच्या भिंतीतील स्नायूंना बांधलेल्या असतात. गुरुजींना मी त्यांच्याच जुन्या वाड्याच्या दोन फळ्यांच्या दाराचे उदाहरण दिले. एखाद्या दाराची फळीच कुजते किंवा बिजागरी तुटते. वैद्यकीय भाषेत ही प्राथमिक गळती, म्हणजे पाकळी सैल पडणे, दोरी तुटणे, किंवा लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने पाकळ्या जाड होऊन आखडणे. दुसऱ्या दाराच्या फळ्या शाबूत असतात, पण भिंत खचल्याने चौकट रुंदावते आणि फळ्या एकमेकींपर्यंत पोचत नाहीत. ही दुय्यम गळती. गुरुजींचे दार दुसऱ्या प्रकारचे होते. पाकळ्या पातळ आणि लवचीक होत्या, पण रुंदावलेल्या कप्प्याने दोऱ्या ओढून धरल्यामुळे मागची पाकळी पुरती मिटत नव्हती. दुरुस्ती की बदल हा प्रश्न या भेदानंतरच विचारता येतो, कारण प्राथमिक गळतीत झडप नीट केली की आजार बहुतांशी सुटतो. दुय्यम गळतीत झडप कितीही चांगली केली तरी खचलेली भिंत तशीच उरते.

भिंतीचा उपचार म्हणजे औषधे, आणि इथे माझीही चूक नोंदवली पाहिजे. आधीच्या दोन्ही भरतींनंतर मी गोळ्या लिहून दिल्या, त्या चालू आहेत असे गृहीत धरले आणि पिशवी उघडून पाहिली नाही. तिसऱ्या वेळी पाहिली तेव्हा कळले की मेटोप्रोलॉल अर्धी करून घेतली जात होती, स्पायरोनोलॅक्टोन 'संपली, मग आणली नाही' या सदरात गेली होती आणि लघवीची गोळी गुरुजी लग्नाला किंवा एसटीने बाहेरगावी जायच्या दिवशी घेतच नव्हते. कारण विचारल्यावर ते थोडे ओशाळून म्हणाले, "रस्त्यात कुठं थांबायचं, सांगा तुम्हीच." एप्रिल-मे हा लग्नसराईचा काळ, आणि निवृत्त मुख्याध्यापकाला तालुक्यातल्या निम्म्या लग्नांचे निमंत्रण असते. शिवाय प्रत्येक पंगतीत पापड आणि लोणचे होतेच.

आठ दिवसांत शिरेवाटे औषधे देऊन साचलेले पाणी उतरवले, वजन ६४ वरून ५८ किलोवर आले. मग अशक्त हृदयासाठी द्यायच्या चारही गटांची औषधे टप्प्याटप्प्याने बसवली : रामिप्रिल थांबवून ठरावीक अंतराने सॅक्युबिट्रिल-वल्सार्टन, सोबत मेटोप्रोलॉल, स्पायरोनोलॅक्टोन आणि डॅपाग्लिफ्लोझिन. डॅपाग्लिफ्लोझिन २०२० नंतर आणि सॅक्युबिट्रिल-वल्सार्टन २०२३ पासून अनेक भारतीय कंपन्या बनवू लागल्याने दोन्हींचे भाव उतरले आहेत. पेन्शनवरच्या माणसाला ही चौकडी आज परवडते, काही वर्षांपूर्वी परवडली नसती. लघवीच्या गोळीची वेळ बदलून दिली, म्हणजे प्रवासाच्या दिवशी ती चुकवण्याऐवजी परतल्यावर घेता येईल. पोटॅशियम आणि क्रिएटिनिन दर दोन आठवड्यांनी पाहत तीन महिने असेच चालवले. दुय्यम गळतीच्या काही रुग्णांत एवढ्यानेच कप्पा थोडा आकसतो, दोऱ्या सैल होतात आणि तीव्र गळती मध्यमवर येते. म्हणून योग्य मात्रेतली औषधे काही महिने न देता कोणी थेट झडपेच्या प्रक्रियेचा सल्ला दिला, तर घरच्यांनी थांबून विचारावे असे माझे मत आहे.

गुरुजींच्या बाबतीत ते घडले नाही. ऑगस्टअखेर पायाची सूज गेली होती, रात्री दोन उशांवर झोप लागत होती, पण घरापासून मारुतीच्या पारापर्यंत जाताना मध्ये एकदा बसावे लागत होते आणि इकोत गळती तेवढीच होती. रक्तदाब ९८ वर आल्याने औषधांची मात्रा आणखी वाढवायला जागा उरली नव्हती. आता झडपेकडे वळणे भाग होते.

पुण्यात नोकरीला असलेला त्यांचा मुलगा या टप्प्यावर बरेच वाचून आला होता. छाती न उघडता नळीने (कॅथेटरने) झडपेच्या पाकळ्या चिमट्यात, म्हणजे क्लिपमध्ये, जोडता येतात किंवा नवी झडप बसवता येते, हे त्याला कळले होते. त्याचा मुद्दा साधा आणि ऐकायला बिनतोड होता : "क्लिप म्हणजे ठिगळच की, डॉक्टर. त्यानं गळती कमी होते, जात नाही. पायातून नवी झडप बसवता येत असेल तर अण्णांची झडप बदलूनच टाकू. पुन्हा पुन्हा कशाला?" गळती किती उरते एवढाच निकष लावला तर तो बरोबरच होता. पण तो निकष अपुरा आहे, हे छाती उघडून होणाऱ्या शस्त्रक्रियेच्या अनुभवाने कॅथेटरची झडप येण्याआधीच दाखवून दिले होते.

अमेरिका आणि कॅनडातील केंद्रांनी मिळून केलेल्या एका अभ्यासात, हृदयविकाराच्या झटक्यानंतर निर्माण झालेल्या तीव्र मायट्रल गळतीच्या २५१ रुग्णांची विभागणी चिठ्ठी टाकल्यासारखी दोन गटांत केली गेली. एका गटात कडे घालून झडप दुरुस्त केली, दुसऱ्यात दोऱ्या राखून झडप बदलली. दोन वर्षांनी दुरुस्तीच्या गटात ५८.८ टक्के रुग्णांत मध्यम किंवा तीव्र गळती परत आली होती. बदललेल्यांत अवघ्या ३.८ टक्क्यांत. एवढा फरक असूनही कप्प्याचा आकार कमी होण्यात दोन्ही गट सारखेच राहिले, आणि मृत्यूचे प्रमाण दुरुस्तीत १९.० टक्के तर बदलात २३.२ टक्के होते. हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने अर्थपूर्ण ठरला नाही. दुरुस्तीच्या गटात हृदय निकामी होण्याच्या तक्रारी आणि पुन्हा भरती जास्त होत्या, म्हणजे परतलेली गळती निरुपद्रवी होती असे नाही. पण गळती जवळजवळ संपूर्ण थांबवूनही आयुष्य वाढले नाही, ही गोष्ट मुलाला समजावून सांगायला मला अर्धा तास लागला आणि ती त्याला पटली असे त्या दिवशी तरी वाटले नाही.

कॅथेटरने करायच्या दुरुस्तीचे मूळही शस्त्रक्रियेतच आहे. इटलीतील शल्यचिकित्सक ओत्ताव्हिओ अल्फिएरी यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी दोन्ही पाकळ्यांच्या कडा मधोमध एका टाक्याने जोडण्याची पद्धत वापरायला सुरुवात केली. त्यामुळे एका मोठ्या तोंडाऐवजी दोन लहान तोंडे तयार होतात, रक्त पुढे जायला जागा राहते आणि मागे यायची फट मिटते. दाराच्या भाषेत सांगायचे तर चौकटीला हात न लावता दोन फळ्यांना मध्यभागी कडी घालायची. मायट्राक्लिप हे साधन तोच टाका धातूच्या चिमट्याने घालते. जांघेतील शिरेतून नळी उजव्या कर्णिकेत नेतात, दोन कर्णिकांमधल्या पडद्याला छिद्र करून डावीकडे येतात आणि अन्ननलिकेतून चालणाऱ्या इकोच्या चित्रावर नजर ठेवत दोन्ही पाकळ्या चिमट्यात धरतात. पकड चुकली तर चिमटा उघडून पुन्हा धरता येतो. मनासारखे झाल्यावरच तो सोडायचा. युरोपात या साधनाला २००८ साली आणि अमेरिकेत २०१३ साली प्राथमिक गळतीसाठी मान्यता मिळाली. दुय्यम गळतीसाठी अमेरिकेची मान्यता २०१९ साली आली.

दुय्यम गळतीत क्लिपचा उपयोग होतो की नाही, या प्रश्नाला २०१८ साली काही आठवड्यांच्या अंतराने दोन परस्परविरुद्ध उत्तरे मिळाली. अमेरिका आणि कॅनडातील 'कोॲप्ट' अभ्यासात ६१४ रुग्ण होते; नुसत्या औषधांवर ठेवलेल्या गटात दोन वर्षांत ४६.१ टक्के रुग्ण दगावले, क्लिपच्या गटात २९.१ टक्के, आणि हृदय निकामी झाल्याने होणाऱ्या भरत्या जवळपास निम्म्यावर आल्या. फ्रान्समधील 'मित्रा-एफआर' अभ्यासात ३०४ रुग्ण होते. तिथे वर्षभरात मृत्यू किंवा भरती यांपैकी काही घडलेल्यांचे प्रमाण क्लिपच्या गटात ५४.६ आणि औषधांच्या गटात ५१.३ टक्के निघाले, म्हणजे फायदा शून्य. साधन तेच आणि आजाराचे नावही तेच, मग हे कसे? दोन्हींतील रुग्णांची मापे शेजारी ठेवली की उलगडा होऊ लागतो. कोॲप्टमध्ये गळतीच्या छिद्राचे सरासरी क्षेत्रफळ ०.४१ चौरस सेंटिमीटर आणि डाव्या कप्प्याचे आकारमान शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागे १०१ मिलिलिटर होते. फ्रान्समधल्या रुग्णांत छिद्र लहान, ०.३१, आणि कप्पा मोठा, १३५. तिकडे कप्पा इतका विस्कटला होता की गळती हा त्याचा किरकोळ भाग होता. इकडे कप्प्याच्या मानाने गळती जास्त होती, म्हणून ती कमी केल्याचा परिणाम दिसला. शिवाय कोॲप्टमध्ये औषधे शक्य तितकी वाढवल्यावरच रुग्णाला प्रवेश मिळत होता. हे स्पष्टीकरण सर्वांना मान्य आहे असे नाही, पण रुग्ण निवडताना मला त्याचा उपयोग होतो. गुरुजींचे छिद्र ०.३८ आणि कप्पा ११२ होता. ते पूर्णपणे कोॲप्टच्या बाजूचे नसले तरी फ्रान्सपेक्षा तिकडेच जवळ होते. पंपिंग क्षमता २० ते ५० टक्के, आकुंचित व्यास ७० मिलिमीटरच्या आत आणि फुप्फुसातील दाब ७० च्या आत, या कोॲप्टच्या अटींतही ते बसत होते.

एक गोष्ट मुलाला मुद्दाम सांगितली. कोॲप्टच्या रुग्णांचा पाच वर्षांनी हिशेब केला तेव्हा क्लिपच्या गटातलेही ५७.३ टक्के रुग्ण हयात नव्हते. औषधांच्या गटात हे प्रमाण ६७.२ टक्के होते. क्लिप गुरुजींना झटक्यापूर्वीचे हृदय परत देणार नव्हती.

आता कॅथेटरने झडप बदलण्याकडे येऊ. महाधमनीची झडप कॅथेटरने बदलण्याचे काम आलँ क्रिबिए यांनी फ्रान्समधील रुआँ येथे एप्रिल २००२ मध्ये प्रथम केले आणि आज ते मराठवाड्यातल्या रुग्णांनाही ऐकून माहीत आहे, त्यामुळे मायट्रलचेही तसेच असेल अशी समजूत होते. तसे नाही. महाधमनीच्या आजारी झडपेवर कॅल्शियमचा थर असतो आणि नवी झडप त्यात घट्ट रुतून बसते. मायट्रलची चौकट मोठी असते, गोल नसून इंग्रजी डी अक्षरासारखी असते आणि दुय्यम गळतीत ती मऊ असते. तिथे झडप नुसती फुगवून बसवली तर टिकणार कशावर? प्रत्येक ठोक्याला डाव्या कप्प्याचा पूर्ण दाब तिला मागे ढकलत असतो. टेंडाइन या झडपेने यावर काढलेला उपाय म्हणजे झडपेला एक दोरी बांधून ती कप्प्याच्या टोकातून बाहेर काढायची आणि बाहेरून गादीसारख्या चकतीला ताणून बसवायची. त्यासाठी डाव्या बरगड्यांमध्ये छोटा छेद घेऊन हृदयाच्या टोकाला भोक पाडावे लागते. तिला युरोपात जानेवारी २०२० मध्ये मान्यता मिळाली, आणि अमेरिकेत मे २०२५ मध्ये, ज्यांच्या झडपेच्या चौकटीवर कॅल्शियम दाट साचले आहे अशा रुग्णांसाठी. जांघेतूनच जाणारी सेपियन एम-थ्री ही झडप युरोपात एप्रिल २०२५ मध्ये मान्य झाली; तिच्यात आधी पाकळ्यांभोवती वेटोळे गुंडाळून आधार तयार करतात आणि मग झडप त्यात बसवतात.

दुसरी अडचण शेजाऱ्याची आहे. मायट्रलची पुढची पाकळी आणि महाधमनीकडे जाणारी वाट यांच्यात वेगळी भिंत नाही. नवी झडप ती पाकळी बाजूला दाबते आणि वाट अरुंद होऊ शकते. म्हणून आधी सीटी स्कॅन करून नव्या झडपेनंतर ही वाट किती उरेल याचे माप काढतात आणि या किंवा मापाच्या इतर कारणांनी तपासलेल्या रुग्णांतला मोठा भाग नाकारला जातो. प्रामाणिकपणे सांगायचे तर गुरुजींच्या रुंदावलेल्या कप्प्यात ही वाट बहुधा मोकळी राहिली असती. त्यांना या कारणावरून नकार मिळाला असता असे मी म्हणणार नाही.

टेंडाइनच्या पहिल्या १०० रुग्णांचा २०१९ साली आलेला अहवाल मुलाने स्वतःच शोधून आणला होता. वर्षभरानंतर हयात असलेल्यांपैकी ९८.४ टक्के रुग्णांत गळती अजिबात उरली नव्हती. हा आकडा कोणत्याही क्लिपला गाठता येणार नाही. त्याच अहवालातला दुसरा आकडा त्याने खाली रेघ ओढून ठेवला नव्हता : पहिल्या ३० दिवसांत ६ टक्के रुग्ण दगावले होते. हे रुग्ण आणि कोॲप्टचे रुग्ण वेगळे, त्यामुळे दोन्हींचे आकडे समोरासमोर मांडून निकाल लावता येत नाही. तरीही बदलाची किंमत पहिल्याच महिन्यात मोजावी लागते आणि त्याचा फायदा पुढच्या वर्षांत मिळायचा असतो, एवढे त्यातून दिसते.

पुण्यातील केंद्रात हृदयरोगतज्ज्ञ, शल्यचिकित्सक, इकोतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ यांनी सप्टेंबरमध्ये एकत्र बसून प्रकरण पाहिले. उघड्या शस्त्रक्रियेत दगावण्याचा धोका शल्यचिकित्सकांनी ८ टक्क्यांच्या आसपास धरला. अन्ननलिकेतून केलेल्या इकोत गळतीची धार मधोमध होती, मागची पाकळी १२ मिलिमीटर लांब होती, झडपेचे तोंड ४.६ चौरस सेंटिमीटर होते आणि पाकळ्या मिटण्याची जागा चौकटीपासून ९ मिलिमीटर खाली होती. क्लिपसाठी याहून सोयीची रचना क्वचित मिळते. तोंड ४ च्या खाली असते तर क्लिपनंतर झडप अरुंद होण्याची भीती होती. आमच्याकडे संधिवाताच्या तापाने जाड झालेल्या झडपा अजूनही पाहायला मिळतात. त्यांच्या बाबतीत बहुधा याच कारणाने क्लिप बाद ठरते आणि गुरुजींचे उत्तर त्यांना लागू पडत नाही. नव्या झडपेच्या विरोधात तिथे तीन गोष्टी नोंदवल्या गेल्या : आधीच एकदा मार खाल्लेल्या ३२ टक्क्यांच्या कप्प्याच्या टोकाला भोक पाडणे, कमी दाबाच्या कर्णिकेत रक्त सोडण्याची सोय एका क्षणात बंद झाल्यावर त्या कप्प्याला सगळे रक्त महाधमनीच्या दाबाविरुद्ध ढकलावे लागणे, आणि क्रिएटिनिन १.७ असताना सीटीसाठी द्यावा लागणारा डाय. जी झडप बसवायची नाही तिच्यासाठी मूत्रपिंडांवर डायचा भार नको, म्हणून सीटी केलाच नाही. हा निर्णय मला सर्वांत शहाणपणाचा वाटला.

चौथी गोष्ट मी फोनवरून घातली. कॅथेटरने मायट्रल झडप बदलल्यावर गुठळी होऊ नये म्हणून निदान काही महिने वॉरफरिनसारखे औषध लागते आणि त्याची मात्रा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याची तपासणी) पाहून ठरवावी लागते. गुरुजींच्या गावाहून त्यासाठी दर खेपेला केजला किंवा अंबाजोगाईला यावे लागेल. धातूची झडप बसवलेल्या माझ्या एका रुग्ण बाईंच्या गावचा पूल एका पावसाळ्यात वाहून गेला, पाच आठवडे तपासणी झाली नाही, गोळ्याही संपल्या, आणि त्या आल्या तेव्हा झडपेवर गुठळी होती. आयएनआर घरपोच मिळणाऱ्या शहरातल्या माणसासाठी हा मुद्दा किरकोळ असेल. इथे तो झडपेच्या मापाइतकाच खरा आहे.

मुलाचा शेवटचा प्रश्न असा होता की, क्लिप कमी पडली तर नंतर बदलता येईलच ना. त्यालाही 'हो' म्हणता आले नाही. क्लिपने एका तोंडाची दोन तोंडे केलेली असतात. त्यातून कॅथेटरची नवी झडप बसवायची तर आधी क्लिप एका पाकळीपासून कापून सोडवावी लागते, आणि ते थोड्याच हातांना जमणारे काम आहे. उघडी शस्त्रक्रिया करता येते, पण तेव्हा दुरुस्ती सहसा शक्य नसते.

सोबतच्या ट्रायकस्पिड गळतीचे काय, हे शल्यचिकित्सकांनीच विचारले. उजव्या बाजूला दुरुस्ती आणि बदल हे दोन्ही कॅथेटरचे मार्ग औषधांशी ताडून पाहिले गेले आहेत. 'ट्रायल्युमिनेट' अभ्यासात ३५० रुग्ण होते; क्लिपने ३० दिवसांत ८७ टक्क्यांची गळती मध्यम किंवा त्याहून कमी झाली आणि रोजच्या जगण्याचा दर्जा सुधारला, पण वर्षभरातील मृत्यू किंवा भरती यांत फरक पडला नाही. 'ट्रायसेंड-टू' मध्ये ४०० रुग्ण होते. तिथे इव्होक ही पूर्ण झडप बसवल्यावर गळती जवळपास संपली, पण तीव्र रक्तस्राव १५.४ टक्क्यांत झाला, औषधांच्या गटात ५.३ टक्क्यांत, आणि नव्याने पेसमेकर लागणाऱ्यांचे प्रमाण १७.४ टक्के होते, औषधांच्या गटात २.३. गुरुजींची उजवी गळती मध्यम होती आणि डाव्या बाजूचा दाब उतरला की ती आपोआप कमी होण्याची शक्यता होती, म्हणून तिला हात न लावण्याचे ठरले.

पैशांचा विषय या टिपणातून गाळणे खोटेपणाचे होईल. रुग्णालयाने दिलेला अंदाज २६ लाख रुपयांचा होता. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षण कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत आहे; त्यात उघड्या शस्त्रक्रियेचा हिशेब बसवता आला असता, क्लिपचा बसत नव्हता. २०२४ साली आलेल्या जर्मनीतील 'मॅटरहॉर्न' या २१० रुग्णांच्या अभ्यासात दुय्यम गळतीसाठी क्लिप ही शस्त्रक्रियेपेक्षा वर्षभरात कमी ठरली नाही, पण ती दोन्ही पर्याय सारखेच हाताशी असलेल्या रुग्णांची गोष्ट होती. मुलाच्या कंपनीच्या विम्यातून १० लाख, एका धर्मादाय संस्थेकडून काही रक्कम आणि उरलेले गुरुजींच्या निवृत्तीच्या ठेवीतून आले. जमीन विकण्याचा विषय निघाला तेव्हा गुरुजींनी तो एका वाक्यात मिटवला : "रान गेलं तर जगून करू काय?" त्यांच्या जागी त्याच रचनेची झडप असलेला एखादा शेतमजूर असता तर मी त्याला उघड्या शस्त्रक्रियेचा किंवा नुसत्या औषधांचा सल्ला दिला असता, हे मला ठाऊक आहे.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात पूर्ण भूल देऊन प्रक्रिया झाली. पहिल्या क्लिपने गळती तीव्रवरून मध्यमवर आली. दुसरी क्लिप लावावी का, यावर टेबलाशीच दहा मिनिटे चर्चा झाली, कारण प्रत्येक क्लिप तोंड थोडे अरुंद करते. दुसरी लावल्यावर गळती सौम्य झाली आणि झडपेवरचा सरासरी दाबफरक पाऱ्याच्या ४ मिलिमीटर एवढा राहिला. तो ५ च्या वर गेला असता तर ती काढण्याची तयारी होती. चौथ्या दिवशी ते घरी निघाले. पुण्याहून गावापर्यंतच्या जवळपास तीनशे किलोमीटरच्या प्रवासात लघवीची गोळी घेतली होती का, असे मी विचारले, तर मुलगा म्हणाला, "घेतली. सहा वेळा गाडी थांबवली."

सहा महिन्यांनी, म्हणजे पुढच्या मे महिन्यात, केलेल्या तपासणीत सहा मिनिटांत चाललेले अंतर २१० मीटरवरून ३२० वर गेले होते. पंपिंग क्षमता ३४ टक्के, म्हणजे जवळजवळ तेवढीच. फुप्फुसातील दाब ५४ वरून ४१ वर उतरला होता आणि ट्रायकस्पिड गळती सौम्य झाली होती. मायट्रल गळती मात्र सौम्यच्या थोडी वर सरकली होती आणि ती नोंद वाचून मुलाने माझ्याकडे पाहिले. मधल्या काळात एक भरती झाली, मार्चमध्ये, तापाच्या निमित्ताने, तीन दिवसांची. आधीच्या वर्षी याच अवधीत दोन झाल्या होत्या.

गुरुजी आता रोज सकाळी वजन करून ते शाळेच्या हजेरीपटासारख्या आडव्या रेघांच्या वहीत लिहितात. दोन दिवसांत दीड किलो वाढले तर लघवीची एक गोळी जास्त घ्यायची आणि मला फोन करायचा, असे ठरले आहे. मे महिन्याच्या पानावर १७ आणि १८ तारखेचे रकाने रिकामे होते. विचारल्यावर म्हणाले, धारूरला भाचीचे लग्न होते, काटा सोबत नेला नव्हता. १९ तारखेला वजन ५९.८ होते, २१ ला ५८.४. पुढचा इको नोव्हेंबरमध्ये आहे.